मैना कुणाला ओळखते

कोल्हापूर,
ता. ३ जानेवारी १९१०

मौलाली,

सलाम. पत्र टाकू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी टाकतोय. फाडायचं असेल तर वाचून मग फाड. मुंबईचं घोड्यांच्या डॉक्टरीचं कॉलेज तुला मानवलं असेल, असं धरून चालतो.

माझं कॉलेज सुटलं हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. आता माझ्याकडून ऐक. तर्कशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, अत्ताराच्या पोरानं कापसाचे फाये करावेत, त्याला तर्कशास्त्र कशाला हवं? मी शाईची दौत फेकली. त्याला लागली नाही, भिंतीला लागली. मला माफी मागायला सांगितलं. मी पुस्तकं उचलली आणि बाहेर पडलो. सध्या दुकानात अब्बांच्या शेजारी बसून फायेच करतो. अब्बा माझ्याशी बोलत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं करतात आणि मला ऐकवतात.

तुझा राग त्या गोष्टीवरून नाही, मैनेवरून आहे, हेही मला ठाऊक आहे. तू तिला शिंगरू असल्यापासून हातावर वाढवलंस. पण त्या दिवशी तू इथं नव्हतास. दिवाळीच्या सुमारास मी तुमच्या अंगणात आलो, तिच्या शेजारून चाललो होतो, आणि तिनं माझ्या पायावर पाय दिला. चुकून नाही, बघून दिला. मी वहाण काढली आणि तिच्या तोंडावर मारली. तुझे अब्बा समोरच होते. संस्थानच्या पागेतले चाबुकस्वार, नवं घोडं माणसात आणण्यात उभी हयात गेलेली. 'चाबूक हवेत वाजवायला असतो, अंगाला लावायला नव्हं' असं सगळ्यांना शिकवणारे मीरासाब मामू. त्यांनी मला बखोटीला धरून रस्त्यावर आणून सोडलं. तेव्हापासून तुमचं दार मला बंद आहे.

तर तू मामूंना दोन ओळी लिही, की गैबीला अंगणात येऊ द्या. मला घोडीची माफी मागायची आहे. घरची सगळी खुशाल आहेत असं बयाबाई सांगते. लीद भरून झाली की ती आमच्या दुकानावरूनच जाते. मिरजेची मंडळी येणार आहेत म्हणे. काही ठरलं का? सहज विचारलं.

गैबी

ता. क. वर 'सहज' लिहिलंय ते खोटं आहे. शमशादचं मिरजेला ठरू देऊ नकोस. मला तिच्याशी निकाह करायचा आहे. तू माझा दोस्त आणि तिचा भाऊ, म्हणून पहिल्यांदा तुला सांगतोय. तुमच्याकडं यायचो तेव्हा ती आतून मराठी पुस्तकातल्या शब्दांचे अर्थ विचारायची आणि मी बाहेरून सांगायचो, याच्यापलीकडं आमचं बोलणं नाही. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही.


कोल्हापूर,
ता. २४ जानेवारी १९१०

मौलाली,

तुझं उत्तर नाही. झालेली गोष्ट तुला दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून कळवायच्या आत मी लिहितो.

यंदा मोहरमला मी वाघ झालो. लहानपणी मला गोवर निघाला तेव्हा अम्मीनं नवस बोलला होता, की पोरगा वाचला आणि शिकता झाला की वाघ होऊन नाचेल. शिकणं तर सुटलं, म्हटलं निदान नवस फेडावा. अंगाला पिवळा रोगण, त्याच्यावर काजळीचे पट्टे, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, कमरेला शेपूट. पुढं ताशेवाले. वाघ दारात आला की दार लावायचं नसतं, हे तुला सांगायला नको. मामूंनी दार बंद केलं होतं ते गैबीला. वाघाला नाही.

अंगणात शिरलो तशी शेजारच्यांची तट्टं बिथरली. एकानं तर खुंटा उपटला. मैनेचा खरारा करणारा तुमचा मोतद्दार गुंडू ताशेवाल्यांच्या आईबापाचा उद्धार करत त्याच्यामागं धावला. मैना नुकतीच फिरून आली होती, मोकळीच होती. तिनं मान उचलली, कान ताठ केले, नाकातून मोठ्यानं फुरफुरली. लोक भिंतीला चिकटले. मी नाचायचा थांबलो नाही, पण मुखवट्याच्या भोकातून सगळं लक्ष तिच्याकडं. ती पळाली नाही. एक एक पाऊल टाकत माझ्याकडं आली, माझ्या कमरेशी नाक आणलं आणि तिथंच उभी राहिली. मग घशातल्या घशात खिंकाळली. घरचं माणूस आलं की करते तसं, तुझ्या ओळखीचं.

ताशा आपोआप थांबला. कुणीतरी म्हणालं, वाघ गवत खाणारा दिसतोय. सगळे हसले, मामू सोडून.

"मुखवटा काढ," ते म्हणाले.

काढला. मला वाटलं आता हात पडणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, की मैना परक्याजवळ जात नाही, आणि ज्यानं वहाण मारली त्याच्याजवळ तर नाहीच नाही, मग तुझ्याजवळ कशी आली? मी सांगितलं, दिवाळीनंतर रोज पहाटे मागची भिंत चढून येतो, तिला हरभरे चारतो, तिची माफी मागतो. आता ती मला ओळखते. माझ्या अंगाला अत्तराचा वास असतो, त्यावरून ओळखलं असेल.

मामू माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. चोराकडं बघतात तसंही आणि शागिर्दाकडं बघतात तसंही. म्हणाले, "मोहरमची दहावी तारीख होऊ दे. पंजे नदीवर थंड झाले की रंग धुऊन ये."

मी पंचगंगेवर जाऊन रंग धुतला आहे. कानामागचा पिवळा निघत नाही. मामू मवाळ झाले आहेत असं माझं मत आहे. आता तुझ्या दोन ओळी आल्या तर मिरजेचं आपोआप मोडेल. लिही.

गैबी


कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९१०

मौलाली,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर लिहिलंस ते बरं केलंस. आधी पोस्टमननं वाचलं, मग अब्बांनी, मग मी. बोर्डिंगात मला उठवायला तांब्याभर पाणी तोंडावर मारावं लागायचं, असा माणूस पहाटे भिंत चढून हरभरे चारतो हे तुला पटत नाही, असं तू म्हणतोस. बरोबर आहे. चारले नाहीत.

घोडा आधी वासानं ओळखतो, मग आवाजानं, मग चेहऱ्यानं, आणि तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय त्याची खात्री होत नाही, हे तू शिकल्याचं लिहिलंस. गुंडूला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्याचा बाप वारला तेव्हा तो डोकं, मिशा सगळं उतरवून कामावर आला, तर मैना त्याला बघून मागं सरली होती. तो म्हणाला, "अगं मीच हाय की," तशी कान हलवले, हुंगलं आणि रोजच्यासारखी खायला लागली. मामूंचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, पाऊल. ते गल्लीच्या तोंडाशी असतात तेव्हाच मैनेचा एक कान दाराकडं वळतो, हे मी स्वतः पाहिलं. कोण बरोबर ते तुम्ही बापलेक ठरवा. माझ्यापुरतं काय ठरलं ते सांगतो.

मोहरमची गडबड संपल्यावर मी अंगणात गेलो. मामू, गुंडू, बयाबाई आणि शेजारचे चारजण उभे होते. मैना लांब दोरावर होती. मी हरभऱ्याची मूठ पुढं करून निघालो. तिनं मला पाहिलं आणि कान मागं पाडले, पार मानेला चिकटवले. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तिनं माझ्या खांद्याला चावा घेतला. वरचे दात, खालचे दात, सगळे उमटले.

गुंडू म्हणाला, "वळख तर हाय की. चांगली दाट हाय."

मैनेनं वाघाच्या कमरेशीच नाक नेलं होतं, ते मामूंच्या ध्यानात होतं. त्यांनी गुंडूला आमच्या घरी पाठवून वाघाची शेपूट मागवली. शेपूट कमरेला ज्या कापडानं बांधली होती ते त्यांनी सोडलं आणि कुंपणाच्या वाशावर टाकलं. मैना दोर ताणून तिकडं गेली, त्यात नाक खुपसलं आणि तसंच घशातल्या घशात खिंकाळली. मामूंनी कापड उलगडलं. हिरवी ओढणी, धुऊन धुऊन विटलेली. ती डोक्यावर घेऊन मैनेला सकाळ-संध्याकाळ हरभरे कोण घालतं, हे तुला माहीत आहे, आणि मामूंनाही.

म्हणजे त्या दिवशी मैनेनं मला ओळखलंच नव्हतं. शमशादला ओळखलं होतं.

आता सगळं लिहितो. मी वाघ होणार हे बयाबाईनं घरात सांगितलं होतं. शमशादनं तिच्या लिदेच्या पाटीखाली घालून ओढणी पाठवली. निरोप एवढाच : वाघ बघून मैना बिथरेल, स्वतःला नाहीतर कुणाला इजा करेल, तेव्हा हे बांधून ये. तिनं हे कुठल्या कॉलेजात न जाता ओळखलं होतं, की मैना डोळ्यांना आणि नाकाला वेगवेगळं कळलं तर नाकाचं ऐकते. भिंत आणि हरभरे मी जागच्या जागी रचले, तिचं नाव येऊ नये म्हणून. पहिल्या पत्रात तिच्या मनातलं माहीत नाही लिहिलं तेव्हा खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या पत्रात तुझ्याशीही तीच बतावणी केली. तू तिचा भाऊ आहेस, तुझ्यापासून लपवणं भाग होतं.

मामूंनी विचारलं, तिनं दिली का तू चोरलीस? मी म्हणालो, चोरली. त्यावर बयाबाई पाटी खाली ठेवून पुढं आली.

"चोरली बिरली काय न्हाय. म्या आणून दिली. मला कामावरनं काढायचं असंल तर काढा, पण पोराला उगा चोर करू नगा."

मामू खाली बसले. शेजाऱ्यांना जा म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मिरजेची मंडळी मोहरमनंतरचा सफर महिना सरल्यावर येतील. तोवर मी रोज दिवसाढवळ्या पुढच्या दारानं यायचं. ओढणी नाही, वाघ नाही, गुळाची लाच नाही. वहाण मारलेल्या माणसाजवळ घोडी आपणहून आली, तर तो माणूस बदललेला असतो, हे ते पागेत बघत आलेत. मैना तशी आली तर ते मिरजेला नकार कळवतील. नाही आली तर मी तुमच्या गल्लीतूनसुद्धा जायचं नाही. "माणूस मला फसवंल," ते म्हणाले, "तिला फसवायचा न्हाय."

मी कबूल झालो. दुसरं काय करणार? तुला काही युक्ती माहीत असेल तर कळव. कार्डावर नको.

गैबी


कोल्हापूर,
ता. १९ मार्च १९१०

मौलाली,

तुझी युक्ती करून पाहिली. तिच्याकडं न बघता, बाजू करून, हात खाली सोडून उभं राहायचं. उभा राहिलो. रोज उभा राहिलो. पहिल्यांदा ती पाठ फिरवायची, मग पाठ फिरवणं सोडलं, पण कान काही पुढं केले नाहीत. एकदा अंगाला काही न लावता गेलो, एकदा मोगऱ्याचं अत्तर लावून गेलो, तर शिंकली. एकदा रागानं पाय आपटला आणि आठवडाभराची कमाई एका क्षणात गेली. मला दुरून बघूनच ती कुंपणाच्या त्या टोकाला जाऊन उभी. गुंडू म्हणाला, "गैबीभाऊ, तुमी घोडीवानी पाय आपटून घोडीला भिववताय, आणि वर म्हणताय जवळ ये." मी त्याला काहीतरी फेकून मारणार होतो. हातात काही नव्हतं म्हणून वाचला.

परवा मिरजेची मंडळी आली. मुलगा आणि त्याचा चाचा. मुलाला पाहून मला शिवी सुचेना, इतका तो सरळ माणूस. रिसाल्यात काम केलेलं, कमी बोलणारा. चहा झाल्यावर मामू त्यांना घोडी दाखवायला अंगणात घेऊन आले. मी तिथंच होतो. त्या दिवसाचं माझं उभं राहणं चाललं होतं. मामूंनी मला जायला सांगितलं नाही. मुदत आजची आहे, एवढं मात्र डोळ्यांनी सांगितलं.

मुलानं मैनेला हाक मारली नाही की चुचकारलं नाही. तो तिच्यापासून थोडा लांब थांबला आणि धोतराचा सोगा झटकून मामूंशी बोलत राहिला. बोलता बोलता मैना त्याच्या मागं येऊन उभी राहिली. त्यानं वळून तिच्या नाकपुडीशी तोंड नेलं आणि हळूच श्वास सोडला. जुनी पद्धत, तुम्ही लोकही नव्या घोड्याशी तसंच करता. तिनं तो श्वास घेतला, आपला दिला, आणि कपाळ त्याच्या छातीला लावलं.

चाचा खूश. म्हणाला, घोडीनं आमचा मुलगा पसंत केला, आता माणसांचं काय राहिलं?

मामूंनी माझ्याकडं पाहिलं. मौलाली, राग येण्याइतकीसुद्धा जागा नव्हती. त्या मुलानं काही चुकीचं केलं नव्हतं, मैनेनंही नाही, आणि मामू शब्द पाळणार होते. मी वहाणा घालायला वाकलो.

तेवढ्यात आतल्या दारातून शमशाद बोलली. घरात तुम्ही दखनी बोलता. ती मराठीत बोलली, गुंडू आणि बयाबाईलासुद्धा कळावं म्हणून.

"अब्बा, मैनेला पावणं पसंत पडलं असतील तर मैना द्या त्यांस्नी. मला गैबी पसंत हाय."

तुझ्या अम्मीनं, शहाजादी खालांनी, आतून तिला गप्प करायचा प्रयत्न केला, तो ऐकू आला. मामू दाराकडं न वळता म्हणाले, की घोडी त्याला अजून ओळखत नाही.

"वळखती की. वहाण मारणारा म्हणून वळखती. तेवढं मीबी वळखते. दौत फेकतो, वहाण फेकतो, मग दीड दीड महिना उन्हात हुबा ऱ्हातो पण तोंडानं चुकलो म्हनत न्हाय. मैनेला मारलेलं कळतं, उन्हात हुबा का हाय ते कळत न्हाय. मला दोनी कळतं. माझ्यावर काय फेकलंच तर मी उचलून परत फेकंन."

मैना त्या मुलाचा खिसा हुंगत होती. मग मुलगाच हसला. म्हणाला, "घोडी मिळत असंल तर माझी ना न्हाय." चाचानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा दिवसभर हसला नसेल.

मामूंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना कुणाच्या घशाखाली काय उतरलं असेल देव जाणे. मग मामू त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेले. काय बोलले ते कळलं नाही, पण परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं आता शमशादची खैर नाही. ते तिला काही बोलले नाहीत. अंगणात मी होतो तिथं आले आणि म्हणाले, उन्हाळ्याची सुट्टी संपली की कॉलेजात बसायचं. त्याआधी त्या दौतीची माफी मागायची. आणि मौलालीला पत्र घालायचं. भाऊ हजर असल्याशिवाय मी बहिणीचा निकाह लावत नाही.

मी म्हणालो, पण मामू, मैना?

"तिचं तू आणि ती बघा," ते म्हणाले. "माझ्या पोरीनं मला घरात पावण्यांसमोर गप्प बसवलं. आता घोडीकडनं आणिक काय ऐकायचं ऱ्हायलंय?"

काल कॉलेजात गेलो. ज्यानं फायांचं म्हटलं होतं तोच दारात भेटला. भिंतीवरचा शाईचा डाग अजून तसाच आहे. मी त्याला म्हणालो, चुकलो. तोंडानं म्हणालो. तो इतका घाबरला की त्याला वाटलं मागं दुसरी दौत आहे.

तू ये. सुट्टी मिळत नसेल तर तुझ्या साहेबांना सांग, घरी घोडी आजारी आहे. ते लगेच सोडतील. मामू मैनेला घेऊन स्टेशनवर येणार आहेत. इतक्या महिन्यांनी ती तुला ओळखते का ते त्यांना बघायचं आहे. मीही येईन. सामान मी घेईन. फक्त घरापर्यंत तू माझ्या आणि तिच्या मधून चाल.

गैबी